दुखण्याचें कर्ज आणि वहींतलें पान

धाराशिव जिल्ह्याचा अर्वाचीन इतिहास एका थकलेल्या कर्जापासून सुरू होतो, ही गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. निजामसरकारच्या खर्चानें आणि इंग्रजांच्या हुकमतीखालीं हैदराबाद कंटिंजंट नांवाची जी फौज पोसली जात होती, तिच्या पगाराची बाकी फुगत फुगत पन्नास लाख रुपयांच्या आसपास गेली. ती फिटण्याचें चिन्ह दिसेना, तेव्हां १८५३ च्या तहानें वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि धाराशिव-नळदुर्गचा टापू हे तीन मुलूख कंपनीसरकारच्या हवालीं करण्यांत आले. सावकारी भाषेंत सांगावयाचें तर हें सरळसरळ ताबेगहाण होतें: मालकी धन्याची, वहिवाट धनकोची. मेडोज टेलर हा इंग्रज अधिकारी डेप्युटी कमिशनर होऊन नळदुर्गास आला आणि १८५७ पर्यंत त्यानें या मुलखाचा कारभार पाहिला. पुढें सत्तावन्नच्या धामधुमींत निजामानें इंग्रजांची बाजू धरली, तिचें बक्षीस म्हणून १८६० सालीं पन्नास लाखांची बाकी माफ झाली व नळदुर्ग आणि रायचूर हे मुलूख परत मिळाले. एक सबंध जिल्हा सात वर्षें गहाण पडून सुटला, तो असा.

या प्रकरणांत ध्यानांत घेण्यासारखी गोष्ट ही कीं, कर्ज कशाचें, किती, आणि कोणत्या निमित्तानें माफ झालें, हें सर्व राज्याच्या दप्तरांत स्वच्छ लिहिलेलें आहे. त्याच मुलखांतील एखाद्या कुणब्यानें आजारपणापायीं काढलेल्या चाळीस रुपयांची हकीकत मात्र अशी सांपडत नाहीं. रक्कम सांपडते, व्याज सांपडतें, अंगठा सांपडतो; दुखणें सांपडत नाहीं. धाराशिवच्या शेतकऱ्याची पत ज्या ज्या कागदावर लिहिली गेली, मग ती सावकाराची खतावणी असो कीं आजचा पत-अहवाल असो, त्या प्रत्येक कागदाचा हा एक जन्मजात दोष आहे. आणि आपलें पान आपल्या डोळ्यांनीं पाहण्याचा हक्क कर्जदाराला किती सावकाश मिळत गेला, हें पाहूं गेल्यास या दोषाचाहि उलगडा होतो.

विसाव्या शतकाच्या आरंभीं या भागांत आजारपणाचा खर्च म्हणजे औषधाची किंमत, असें समजणें चुकीचें ठरेल. सरकारी दवाखान्यांत औषध फुकट मिळे. युनानी दवाखानेहि निजामी राज्यांत सरकारी खर्चानें चालत. गांवच्या वैद्याला सुगीच्या वेळीं पायलीभर जोंधळा घातला कीं त्याचें समाधान होई. खरा खर्च निराळाच होता. नारूचें उदाहरण घ्या. पायऱ्यांच्या विहिरींत उतरून पाणी भरण्याची चाल मराठवाड्यांत सार्वत्रिक होती, आणि त्या पाण्याबरोबर नारूचा जंतु पोटांत जाई. वर्षभरानें तो पायांतून बाहेर पडूं लागला, कीं माणूस आठवडेच्या आठवडे, कधीं महिना दोन महिने, अंथरुणास खिळून राही. त्यावर नांव घेण्यासारखें औषध नव्हतें. काडीवर गुंडाळून तो हळूहळू ओढावयाचा, एवढाच उपाय. म्हणजे औषधाला दमडी नाहीं, आणि तरीहि घर बुडण्यास तेवढें दुखणें पुरें होई. मृगाच्या तोंडावर कर्ता पुरुष पडला, तर तिफण दुसऱ्याच्या बैलांनीं आणि दुसऱ्याच्या हातांनीं चालवावी लागे. वाफसा गेला कीं पेरणी गेली, पेरणी गेली कीं वर्ष गेलें. (या नारूचा भारतांतून समूळ नायनाट झाल्याचें प्रशस्तिपत्र जागतिक आरोग्य संघटनेनें २००० सालीं दिलें. त्याबद्दल जेवढें कौतुक व्हावयास पाहिजे होतें तेवढें झालेलें नाहीं.)

मोठ्या दुखण्याला मात्र बाहेरगांवीं जावें लागे, आणि तेथें रोकड लागे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १८९७ सालीं बार्शीस आली, १९११ सालीं लातुरास पोहोंचली, आणि दुसऱ्या अंगास १९२७ सालीं मिरजेपर्यंत गेली. मिरजेस डॉक्टर वान्लेस यांनीं १८९४ सालीं उघडलेलें मिशन इस्पितळ तोंवर साऱ्या दक्षिण महाराष्ट्रांत विख्यात झालेलें होतें. येडशीच्या स्टेशनावर गाडींत बसवून कुर्डुवाडी, पंढरपूर या वाटेनें रोग्याला थेट मिरजेस नेतां येऊं लागलें, ही या मुलखाच्या दृष्टीनें केवढी तरी मोठी सोय. परंतु गाडीचें भाडें, सोबतच्या माणसाचा शिधा आणि बुडालेली मजुरी यांची सोय कोणत्याहि रेल्वेनें केली नव्हती. ती सावकारानें केली.

आतां सावकाराच्या वहीकडे वळूं या. रोजच्या देवघेवीची ती रोजकीर्द, आणि एकेका कुळाचें खातें वेगळें काढलेली ती खतावणी. कुळानें रक्कम उचलली कीं ती त्याच्या नांवें पडे. ‘रुपये ५०, घरखर्चास, हस्तें खुद्द’ एवढाच मजकूर. घरांत कोणाला काय झालें होतें, हें लिहिण्याचें सावकाराला कारण नव्हतें. हातावर येणाऱ्या पन्नासांतून मनोतीच्या नांवाखालीं कांहीं रक्कम आधींच कापली जाई, परंतु व्याज चढे तें पूर्ण पन्नासांवर. दरमहा दरशेंकडा दोन रुपये हा दर फारसा जबर समजला जात नसे. वर्षअखेर व्याज फिटलें नाहीं, तर जुनें खत फाडून मुद्दल व व्याज मिळून नवें खत होई. हिशेब करून पाहावा: पन्नासांचे पहिल्या वर्षीं ६२ रुपये, दुसऱ्या वर्षीं ७६ रुपये १४ आणे, तिसऱ्या वर्षीं ९५ रुपये ५ आणे. तिसऱ्या खतावर जी ९५ रुपयांची रक्कम ‘रोख पावलों’ म्हणून लिहिली जाई, तींतील जवळजवळ निम्मी कोणाच्याहि हातांत कधींच पडलेली नसे. पहिलें खत फाटलें, त्याबरोबर मूळ दुखण्याचा शेवटचा पुरावाहि फाटला. उरली ती केवळ बाकी, आणि ‘हा माणूस पैसे बुडवितो’ ही गांवभर झालेली ख्याति.

आपल्या धर्मशास्त्रांत दामदुपटीचा नियम फार जुना आहे: एका वेळीं वसूल होणारें व्याज मुद्दलाहून अधिक असूं नये. नियम चांगला खरा. परंतु नव्या खतांत व्याज मुद्दल होऊन बसलें, कीं तो नियम कोठें लावावयाचा? ज्याला मूळ मुद्दल सिद्ध करतां येत नाहीं, त्याला दामदुपट हा शब्द नुसता ठाऊक असून उपयोग काय?

येथें सरकारी अहवाल लिहिणारांच्या एका आवडत्या वाक्याचा समाचार घेणें अवश्य आहे. शेतकरी लग्नकार्यांत उधळतो म्हणून कर्जबाजारी होतो, असें पिढ्यान्‌पिढ्या लिहिलें गेलें. लग्नाचा मांडव साऱ्या गांवाला दिसतो, वाजंत्री ऐकूं येते. अंधाऱ्या सोप्यांत कण्हणारा माणूस कोणाच्या अहवालांत शिरत नाहीं. दख्खनच्या दंग्यांची चौकशी करणाऱ्या कमिशननेंच या लग्नखर्चाच्या कारणाला वाजवीपेक्षां अधिक महत्त्व दिलें गेल्याचें नमूद करून ठेवलें आहे. तरी तें वाक्य मेलें नाहीं, तें नाहींच.

ते दंगे १८७५ सालचे. १२ मे रोजीं पुणें जिल्ह्यांतील सुपें या बाजारच्या गांवीं लोक जमले आणि त्यांनीं सावकारांच्या घरांदुकानांवर चाल केली. दंगा पुढें अहमदनगर जिल्ह्यांतहि पसरला. माणसें मारण्यावर लोकांचा रोख फारसा नव्हता. त्यांची मागणी असे ती खतांची व हुकूमनाम्यांची. तीं हातीं आलीं कीं तेथेंच त्यांची होळी होई. शेतकऱ्याला शत्रु कोण हें बरोबर कळलें होतें: सावकारापेक्षांहि त्याची वही. या दंग्यांतून १८७९ चा दख्खन शेतकरी साह्य कायदा निघाला, आणि तो पुणें, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. त्यांत दोन कलमें क्रांतिकारक होतीं. एक, दिवाणी न्यायाधीशानें खतावरच्या आंकड्यावर विश्वास न ठेवतां व्यवहाराच्या मुळापर्यंत जाऊन हिशेब काढावा. दुसरें, कुळाला प्रत्येक भरण्याची पावती, दरसालचा हिशेबाचा उतारा आणि मागितल्यास पासबुक मिळावें. वही जाळणाऱ्याला सरकारनें शिक्षा केल्या, आणि चार वर्षांनीं ती वही वाचण्याचा हक्क दिला.

पण कोणाला? तर सोलापूरच्या कुळाला. वेशीपलीकडच्या धाराशिवच्या कुळाला नाहीं. परांडा आणि तुळजापूर हे तालुके इंग्रजी हद्दीस लागून, बाजार बार्शीचा आणि सोलापूरचा, सोयरीकसुद्धां तिकडचीच. राज्य मात्र निजामाचें. बार्शीच्या सावकाराकडून घेतलेलें कर्ज कलदार रुपयांत मोजलें जाई आणि घरांत पैसा येई तो हाली शिक्क्याचा. शंभर कलदारांना सुमारें ११६ रुपये १० आणे ८ पै हाली द्यावे लागत. कज्जा निजामी कचेरींत गेलाच, तर वही मोडींत किंवा मारवाडींत, फिर्याद उर्दूंत, आणि कुळाची जीभ मराठी. ज्याला स्वतःच्या कर्जाचें पान तीन लिप्यांतून शोधावें लागतें, त्यानें पासबुक मागावें तरी कोणत्या भाषेंत?

हैदराबाद संस्थानांत सहकारी पतपेढ्यांचा आरंभ १९१४ च्या सुमारास झाला, परंतु गरिबाच्या उंबऱ्यापर्यंत त्या क्वचितच आल्या. शेतकी कर्जाविषयीं भरुचा यांचा अहवाल १९३७ सालीं प्रसिद्ध झाला, आणि १३४९ फसलीमध्यें, म्हणजे १९३९-४० सालीं, सावकारांना परवाना घेण्यास लावणारा हैदराबादचा कायदा झाला. सोलापुरास १८७९ सालीं जी वाट सांपडली, तिच्यावर धाराशिवचें पहिलें पाऊल पडण्यास साठ वर्षें लागलीं. मधल्या दोन पिढ्यांचे खातेपालट कोणीं मोजावेत?

१७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामी राजवट संपली. १९५६ सालीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, आणि मग मुंबईचा १९४६ चा सावकारी कायदा इकडेहि लागू झाला. त्यानें वह्या कशा ठेवाव्यात, उतारा केव्हां द्यावा, हें बांधून दिलें. पण कायदा बदलला म्हणून धनको बदलत नसतो. गोरवाला समितीनें १९५४ सालीं रिझर्व्ह बँकेतर्फें जी देशभरची पाहणी प्रसिद्ध केली, तींत ग्रामीण कर्जापैकीं सहकारी संस्थांचा वांटा शेंकडा ३.१, व्यापारी बँकांचा शेंकडा ०.९, आणि सावकारांचा मिळून शेंकडा ७० च्या घरांत निघाला. पुढें १९७५ च्या कर्जमुक्तीच्या कायद्यानें लहान शेतकरी, भूमिहीन व मजूर यांचीं खासगी कर्जें रद्द ठरलीं. १९७७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा उचलून धरला. कर्जमुक्ति योग्यच होती. मात्र गहाण पडलेली भांडींकुंडीं घरीं आलीं, तरी त्यापुढच्या दुखण्याला पैसे कोणीं द्यावयाचे, या प्रश्नाला त्या कायद्यांत उत्तर नव्हतें.

आजचें पान कागदाचेंहि राहिलेलें नाहीं. २००० सालीं मुंबईंत सिबिल नांवाची कंपनी स्थापन झाली आणि २००५ सालीं अशा कंपन्यांसाठीं संसदेनें कायदा केला. आज अशा चार कंपन्या आहेत. बँका व वित्तसंस्था आपल्या प्रत्येक कर्जदाराचा हप्ता कधीं आला, किती दिवस चुकला, खातें पूर्ण फिटलें कीं तडजोडीनें मिटलें, हें त्यांना कळवितात. आणि त्यावरून ३०० ते ९०० यांमध्यें माणसाला एक आंकडा मिळतो. धाराशिवच्या बाजारांत ‘सिबिल खराब झालें’ हें वाक्य आतां ‘पत गेली’ या जुन्या शब्दांच्या जागीं बसलें आहे.

या नव्या वहींत इस्पितळाचें बिल येत नाहीं, हें अनेकांना नवल वाटेल. आपल्याकडील इस्पितळ ही पतपुरवठा करणारी संस्था नव्हे. तें बहुधा आधीं पैसे घेतें. अमेरिकेंत तऱ्हा उलट. तेथें बिल मागाहून येतें, तें थकलें कीं वसुली करणाऱ्या कंपनीकडे जातें, आणि ‘वैद्यकीय’ या शिक्क्यासह माणसाच्या पत-अहवालांत उमटतें. निदान त्यामुळें तेथें दुखण्याचें कर्ज वेगळें दिसलें आणि त्यावर वाद करतां आला. जुलै २०२२ पासून तेथील तीन मोठ्या कंपन्यांनीं फेडलेलीं वैद्यकीय देणीं अहवालांतून काढलीं, एप्रिल २०२३ पासून पांचशे डॉलरांखालचींहि काढलीं. सर्वच वैद्यकीय देणीं वगळण्याचा सरकारी नियम जानेवारी २०२५ मध्यें झाला, पण तो त्याच वर्षीं जुलैमध्यें टेक्सासमधील न्यायालयानें रद्द केला. झगडा चालू आहे. परंतु झगडण्यासाठीं शत्रूला नांव तरी आहे.

धाराशिवच्या माणसाला तें नांवहि नाहीं. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणींत ग्रामीण भारतांतील इस्पितळाच्या खर्चासाठीं शंभरांपैकीं सुमारें तेरा प्रसंगीं मुख्य आधार कर्जाचा होता. असें समजा, कीं जानेवारींत घरांतील बाईचें ऑपरेशन सोलापुरास झालें. पैसे उभे राहिले ते सोनेतारणांतून, गटाच्या कर्जांतून, मोबाइलवरून घेतलेल्या वैयक्तिक कर्जांतून आणि मेहुण्याकडून हातउसने. मेहुण्याचे पैसे आधीं फेडले जातात, कारण तेथें नातें आहे; पण त्या प्रामाणिकपणाची नोंद कोठेंहि होत नाहीं. वैयक्तिक कर्जाचे दोन हप्ते चुकतात, त्यांची नोंद ताबडतोब होते. जूनमध्यें तोच शेतकरी पीककर्जासाठीं बँकेंत जातो तेव्हां समोरचा अधिकारी पडद्यावर फक्त चुकलेले दिवस पाहतो. जुन्या काळीं निदान सावकाराला ऑपरेशनची बातमी गांवांतून लागलेली असे. पीककर्जासाठीं सिबिलचा आग्रह धरूं नये, असें मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनीं मे २०२५ मध्यें बँकांना बजावलें, आणि तसें करणाऱ्या बँकांवर गुन्हे नोंदविण्याचा इशाराहि दिला. असा इशारा द्यावा लागला, यांतच स्थितीचें वर्णन आलें.

पान पाहण्याचा हक्क मात्र या वेळीं फार उशिरा आला नाहीं. १ जानेवारी २०१७ पासून प्रत्येक कंपनीनें वर्षांतून एकदां संपूर्ण अहवाल फुकट देणें रिझर्व्ह बँकेनें बंधनकारक केलें. चुकीची तक्रार तीस दिवसांत निकालीं निघाली नाहीं, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई, हा नियम २०२४ पासून चालू आहे. १ सप्टेंबर २०२२ पासून या कंपन्यांविरुद्ध लोकपालाकडेहि जातां येतें. १८७९ च्या पासबुकाचाच हा वंशज. ज्यानें कर्ज फेडलें आहे त्यानें ‘येणें बाकी नाहीं’ असें पत्र बँकेकडून लिहून घ्यावें, आणि दोन महिन्यांनीं अहवाल मागवून तें खातें बंद दिसतें कीं नाहीं तें पाहावें. दुसरी एक खूणगांठ बांधावी. थकलेल्या कर्जांत सूट देऊन तें ‘मिटवूं’ असें वसुलीचा माणूस सांगतो, तेव्हां अहवालांत ‘पूर्ण फिटलें’ असें न येतां ‘तडजोडीनें मिटलें’ असें येतें, आणि तें वर्षानुवर्षें राहतें. सकाळीं आठच्या आधीं व सायंकाळीं सातनंतर वसुलीसाठीं फोन करूं नये, हेंहि रिझर्व्ह बँकेनें २०२२ सालीं स्पष्ट केलें आहे. बिलापायीं प्रेत अडवून ठेवण्यास राज्याच्या २०२१ च्या शुश्रूषागृह नियमांनीं मनाई केली आहे. ती करावी लागली, ही गोष्ट कोणत्याहि वहीपेक्षां अधिक बोलकी आहे.

कर्ज होऊंच नये म्हणून झालेल्या प्रयत्नांचा इतिहास लहान आहे. राजीव गांधी जीवनदायी योजना २ जुलै २०१२ रोजीं आठ जिल्ह्यांत सुरू झाली. त्या आठांत सोलापूर होतें. तत्कालीन उस्मानाबाद नव्हतें. वेशीपलीकडच्या माणसानें थांबावें, ही रीत तेथेंहि पाळली गेली. मात्र या खेपेस साठ वर्षांऐवजीं दीड वर्षांच्या आंत, नोव्हेंबर २०१३ मध्यें, योजना या जिल्ह्यांत आली. २०१७ पासून तिला महात्मा जोतिराव फुले यांचें नांव आहे, आणि जुलै २०२४ पासून मर्यादा दीड लाखावरून पांच लाखांवर गेली आहे. जिल्ह्याच्या ठिकाणीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालयहि २०२२ सालीं सुरू झालें. योजनेचे पैसे परस्पर इस्पितळाला मिळतात, आणि ते ठरलेल्या उपचारांपुरते. सोलापूरचें एस्.टी.चें भाडें, सोबतच्या माणसाचें जेवणखाण, यादींत नसलेल्या तपासण्या, आणि ऐन सुगींत बुडालेली मजुरी हीं त्यांत येत नाहींत. तेवढी रक्कम उभी राहते ती सोनेतारणांतून किंवा गटाच्या कर्जांतून, आणि अर्जावर कारणाचा रकाना असलाच, तर त्यांत बहुधा ‘घरखर्च’ असेंच लिहिलें जातें.